अण्णांनी घरी आणलेला गुड कॅच

त्या संध्याकाळी अण्णा कारखान्यातून रिकाम्या हाताने घरी आले, पण चेहरा असा की नवा फ्रिजच उचलून आणलाय. बूट काढण्याआधीच त्यांनी दारातून जाहीर केलं, "आजपासून आपल्या घरात भांडण बंद!"

"चालू कधी होतं?" त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी बोलते, तुम्ही ऐकता. याला भांडण म्हणतात होय?"

या बाईंना सगळी इमारत वहिनी म्हणते. त्यांच्यापेक्षा मोठ्या बायकासुद्धा म्हणतात. तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

आता अण्णांनी नेमकं काय आणलं होतं ते सांगते, पण त्याआधी अण्णा करतात काय ते सांगायला हवं, नाहीतर मजा कळायची नाही. अण्णा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला आहेत. औषधाच्या बाटल्या एका पट्ट्यावरून रांगेने सरकत येतात, त्यांच्यामागे दिव्यांचा पांढराशुभ्र पडदा असतो आणि समोर स्टुलावर अण्णा. बाटलीला तडा असेल, तळ वाकडा असेल, काचेत बुडबुडा अडकला असेल, की अण्णांचा हात पुढे जातो आणि बाटली बाहेर! बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस नुसत्याच बाटल्या उचलतोय. उचललेली बाटली हातात घेऊन नीट शोधावं तेव्हा कुठे तो केसाएवढा तडा दिसतो. अशी नजर शिकवून येत नाही हो. वर्षानुवर्षं एका जागी गप्प बसावं लागतं तिच्यासाठी.

आणि तेच तर दुखणं होतं. गप्प! पडद्यासमोर बोलायचं नाही, हा तिथला पहिला नियम. अण्णांच्या पोटात भाषणं साठली होती नुसती.

तर कारखान्यात नव्या मॅनेजर मॅडम आल्या. त्यांनी पाहिलं, की इथे कुणी कुणाची चूक दाखवली की आधी तोंडं फुगतात, मग आवाज चढतात आणि चूक बिचारी तशीच पुढे निघून जाते. कुणाच्या चटकन काही लक्षात आलं की त्याला इंग्रजीत शाबासकी देतात, 'गुड कॅच!' मॅडमनी तोच नियम केला. आपली चूक कुणी दाखवली, तर आपणच त्याला हसून म्हणायचं, "गुड कॅच!" आणि त्यापुढे 'पण' लावायचा नाही. 'गुड कॅच, पण मला कुणी सांगितलंच नव्हतं' हे चालणार नाही. आठवडाभर लोक दात-ओठ खात म्हणाले, मग नुसतेच म्हणाले, मग चक्क हसून म्हणायला लागले. भट्टीवाले आणि पॅकिंगवाले एका टेबलावर जेवू लागले. हे दृश्य पाहून अण्णांना भरून आलं आणि त्यांनी ते सगळं उचलून घरी आणलं.

"समजलं?" अण्णांनी विचारलं. "चूक दाखवली तर रागवायचं नाही. गुड कॅच!"

"अण्णा," त्यांची नववीतली लेक बबडी म्हणाली, "तुम्ही शर्ट उलटा घातलाय. दिवसभर असेच होतात?"

अण्णांनी खाली पाहिलं. शिवण बाहेर होती. क्षणभर त्यांचा चेहरा जुन्या वळणावर गेला, मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि हसून म्हणाले, "गुड कॅच!"

बबडीला हा खेळ जाम आवडला.

"बाथरूमचा दिवा चालू आहे."

"गुड कॅच."

"ओला टॉवेल पलंगावर," वहिनी.

"गुड कॅच."

"बूट अजून पायातच आहेत आणि तुम्ही चटईवर उभे आहात," दोघी एकदम.

जेवायला बसेपर्यंत अण्णांचा जबडा दुखायला लागला. एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. पट्ट्यावरच्या हजारो बाटल्यांत जो माणूस केसाएवढा तडा पकडतो, तो घरात आला की त्याला समोरची खुर्ची दिसत नाही. सगळी नजर बहुधा कारखान्यातच जमा करून येत असावेत. शेवटी, आपणही एक तरी पकडावा म्हणून त्यांनी भाजीचा घास घेतला आणि आनंदाने म्हणाले, "मीठ कमी आहे!"

वहिनींनी मिठाची बरणी उचलली, अण्णांच्या ताटाशेजारी ठेवली आणि गोड हसून म्हणाल्या, "गुड कॅच."

नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. हसू होतं, शब्द होते, 'पण' नव्हता. तरी अण्णांनी ती भाजी मीठ न घालता संपवली आणि वर मागूनही घेतली. म्हणण्या-म्हणण्यात फरक असतो, तो असा.

इथवर गोष्ट घरात होती. घरातली गोष्ट घरात राहिली असती तर मी कशाला लिहायला बसले असते? पण दुसऱ्याच दिवशी अण्णा जिन्यात टेलरकाकूंना भेटले.

टेलरकाकू समोरच्या दारात राहतात आणि पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन चालवतात. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या तोंडात असूनही त्या जितकं बोलतात तितकं इतर लोक रिकाम्या तोंडाने बोलत नाहीत. कुणाच्याही कपड्याला सुटलेला दोरा दिसला की त्या भर जिन्यात माणसाला थांबवून कचकन कापतात. माणूस घाईत असो, फोनवर असो, रडत असो. अण्णांनी त्यांना नियम सांगितला आणि काकूंचे डोळे लकाकले.

"म्हणजे मी दुसऱ्याची चूक दाखवायची आणि त्याने माझं कौतुक करायचं?"

"अगदी तेच."

"अहो, मग इतकी वर्षं मी फुकटच करत होते की!"

त्यानंतर काकू अण्णांना घेऊन पहिल्यांदा गेल्या त्या सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी, वरच्या मजल्यावरचे. पाणी कधी येणार नाही, गच्ची कधी बंद, लिफ्टमध्ये किती जणांनी चढावं, अशा सूचना फळ्यावर लावणं हे त्यांचं जीवितकार्य. सूचनेखाली ते अशी सही करतात की सूचनेपेक्षा सहीला जागा जास्त लागते.

"तुमची गच्चीची सूचना गेल्या महिन्यातली आहे," काकू म्हणाल्या. "गच्ची उघडी आहे. मी आत्ताच पापुद्रे उडालेली टाकी बघून आले. म्हणजे दोन झाले. म्हणा दोनदा."

सेक्रेटरींनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी 'नियम आहे' अशा अर्थाने मान हलवली. सेक्रेटरी दोनदा म्हणाले. आवाज असा आला, जणू कुणी त्यांच्या घशातून शब्द चिमट्याने काढतंय.

मग त्यांनी शांतपणे आपली पँट दाखवली. "ही तुम्ही शिवलीत. डावा पाय आखूड आहे. आता तुम्ही म्हणा."

टेलरकाकूंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. एक-एक करून. हे चिन्ह बरं नव्हतं.

"पँट बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा पाय लांब असेल."

"माझा पाय?"

"तुमचा नाही तर काय माझा? मी मापाने शिवते. मोजून घ्या कुणाकडून तरी!"

"अण्णा, यांना सांगा! नियम नियम असतो."

"अण्णा, यांना सांगा! नियम चुकांसाठी आहे, पायांसाठी नाही."

अण्णांनी आयुष्यात एक शहाणपणाची गोष्ट केली असती, तर ती म्हणजे तिथून पळून जाणं. पण पोटात भाषणं साठलेली! त्यांनी दोघांना मधल्या पायरीवर थांबवून नियमामागचा हेतू समजावायला घेतला. हेतू संपेपर्यंत दोघांचं एका मुद्द्यावर पूर्ण एकमत झालं होतं, की या सगळ्याला अण्णाच जबाबदार आहेत. ते सोडून बाकी बोलणं बंद. सेक्रेटरी काकूंच्या दारावरून जाताना मान वळवून वर बघत जायचे, त्यामुळे दोनदा पायरी चुकले. काकूंनी मशीन अशा वेळी चालवायला सुरुवात केली की सेक्रेटरींच्या झोपेचं वाटोळं व्हावं. आणि हे लोण पसरलं! जिन्यात कुणी दिसलं की लोक आधी स्वतःला खालून वर तपासायचे, बटणं चाचपायचे, मगच बाहेर पडायचे. तळमजल्यावरच्या लोकांनी तर मागच्या दाराने यायला-जायला सुरुवात केली. भांडण बंद करायला आणलेल्या वस्तूने इमारतीतलं बोलणंच बंद केलं.

आता खरी गंमत ऐका. त्याच दिवसांत अण्णांनी कारखान्यात मॅडमना काय सांगितलं असेल?

"मॅडम, आमच्या अख्ख्या इमारतीत गुड कॅच चालू आहे."

हे खोटं नव्हतं. फक्त कसं चालू आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. कारखान्याची नवी शाखा उघडणार होती, तिथे नव्या मुलामुलींना तपासणी शिकवायला कुणीतरी हवं होतं. "मी दोन-तीन नावांचा विचार करतेय," मॅडम म्हणाल्या. "शनिवारी घरच्या लोकांना कारखाना दाखवायचा दिवस आहे. कँटीनमध्ये छोटा पट्टा लावू. तुम्ही सगळ्यांसमोर शिकवून दाखवा. आणि तुमच्या इमारतीतल्या लोकांना नक्की आणा, त्यांना दोन शब्द बोलू द्या."

शिकवायचं! म्हणजे दिवसभर बोलायचं! स्टुलावर बसून गप्प राहायचं नाही, तर उभं राहून, समोर बसलेल्या माणसांना, आपल्याला जे येतं ते सांगायचं. अण्णा बसमधून घरी आले तेव्हा स्वतःशीच पुटपुटत होते, आणि शेजारचा प्रवासी उठून दुसऱ्या जागेवर गेला तरी त्यांना पत्ता नव्हता. ही एक गोष्ट त्यांना मनापासून हवी होती, इतकी, की ती मोठ्याने म्हणायचीही त्यांना भीती वाटत होती.

घरी आल्यावर मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. इमारतीतले लोक आणायचे कुठून?

सेक्रेटरी म्हणाले, "येतो. आधी त्यांना पँटीचं कबूल करायला लावा."

टेलरकाकू म्हणाल्या, "येते. आधी त्यांना पाय मोजायला लावा."

अण्णा डोकं धरून बसले. वहिनींनी ते पाहिलं. नवऱ्याला एवढं गप्प त्यांनी लग्नापासून पाहिलं नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी पदराला हात पुसले आणि जिन्यात गेल्या. समोरच्या दारात काकूंना म्हणाल्या, "सेक्रेटरी म्हणत होते, काकू काय यायच्या, भट्टी बघूनच घाबरतील." मग वर जाऊन सेक्रेटरींना म्हणाल्या, "काकू म्हणत होत्या, चार माणसांपुढे बोलायचं म्हटल्यावर सेक्रेटरींचे पाय लटपटतील."

शनिवारी सकाळी दोघेही सगळ्यांच्या आधी खाली येऊन उभे होते. एकमेकांकडे पाठ करून.

कारखान्याच्या फाटकावर घोडं अडलं. सुरक्षारक्षक फार कर्तव्यदक्ष माणूस होता.

"हे कोण?"

"शेजारी," अण्णा म्हणाले.

"शेजारी हे नातं आमच्याकडे बसत नाही. घरच्या लोकांचा दिवस आहे. काका, मामा, आत्या, मावशी, यातलं काहीतरी सांगा."

"अहो, पण हे खरंच नुसते शेजारी—"

"मी मावशी," टेलरकाकू पुढे झाल्या. "आणि याला लहानपणी मी अंगाखांद्यावर खेळवलंय." काकू अण्णांपेक्षा चार वर्षांनी लहान आहेत.

"मी थोरले मामा," सेक्रेटरी म्हणाले.

"अच्छा, म्हणजे तुम्ही दोघं भाऊ-बहीण," रक्षक समाधानाने म्हणाला. "मग एकाच ओळीत उभे राहा बघू."

दोघांचे चेहरे असे झाले की बबडीला तोंडात रुमाल कोंबावा लागला. पुढे सगळ्यांना डोक्याला जाळीच्या टोप्या, डोळ्यांना चष्मे आणि कानांत बोळे मिळाले. कानांत बोळे असल्यामुळे भट्टीपासून कँटीनपर्यंत सगळा प्रवास अत्यंत सलोख्याने झाला.

कँटीन गच्च भरलं होतं. समोर छोटा पट्टा, मागे उजेडाचा पडदा, आणि पडद्यापुढे अण्णा. इस्त्रीचा शर्ट. अंगावरून पुन्हा एकदा हात फिरवून त्यांनी सुरुवात केली.

आणि काय बोलले हो अण्णा! वहिनी बघतच राहिल्या. बाटलीकडे बघायचं नसतं, ते म्हणाले, बाटलीतून येणाऱ्या उजेडाकडे बघायचं असतं. चांगल्या बाटलीत उजेड सरळ चालतो. जिथे तो अडखळला, तिथे चूक. "आपण चूक शोधत नाही. आपण उजेडाला विचारतो, बाबा रे, कुठे ठेच लागली?" मागे बसलेले भट्टीवालेसुद्धा पुढे सरकून ऐकायला लागले. तेवढ्यात त्यांचा हात विजेसारखा पुढे गेला आणि एक बाटली बाहेर आली. मानेला नखाएवढा टवका होता.

"ही मी मुद्दाम घातली होती!" मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या. "बाकी सगळ्या मी स्वतः निवडून आणल्यात. गुड कॅच, अण्णा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते लोकांकडे वळले आणि आणखी बोलू लागले. हात जोरजोरात हलू लागले, डोळे लोकांच्या चेहऱ्यांवर, आणि मागे पट्टा आपला सरकतच होता.

"थांबा!" टेलरकाकू उठल्या. "अहो, त्या बाटलीत दोरा राहिलाय!"

कँटीनभर हशा पिकला. सर्वांत मोठ्याने सेक्रेटरी हसले. "काचेत दोरा! काकू, कात्री आणलीय का?"

अण्णाही हसत हसतच वळले. त्यांनी ती बाटली उचलली आणि पडद्यासमोर धरली. मग त्यांचं हसू थांबलं.

बाटलीच्या आत, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, काचेची एक बारीक तार ताणलेली होती. कारखान्यात तिला झोका म्हणतात. गरम काच ओघळताना कधीकधी असा एक तंतू आत राहून जातो. अशा बाटलीत औषध भरलं की तार तुटते आणि काच औषधात मिसळते. ते औषध कुणाच्या तरी घरी जातं, चमच्यात ओतलं जातं, लहान मुलाला दिलं जातं. तपासणीतला माणूस बाकी काहीही सोडेल, झोका सोडणार नाही. आणि तो आत्ता अण्णांच्या पाठीमागून, शंभर माणसांदेखत, मॅडमदेखत निघून गेला होता.

भट्टीवाल्यांनी लांबूनच ओळखलं. हशा विझला.

अण्णांच्या मनात काय आलं ते मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते, कारण ते तुमच्याआमच्या सगळ्यांच्या मनात आलं असतं. पण मी बोलत होतो. पण हा चष्मा सवयीचा नाही. पण बाटल्या तर मॅडमनी निवडल्या होत्या! तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी तर इतकी खरी होती की ती म्हटली असती तर अण्णांवर कुणी बोट ठेवलं नसतं. नुसती मॅडमकडे एक नजर टाकली असती तरी पुरे होतं. वहिनींनी बबडीचा हात घट्ट धरला.

अण्णांनी मॅडमकडे पाहिलं नाही. ते टेलरकाकूंकडे वळले. नियमाप्रमाणे हसायचं होतं, ते काही त्यांना जमलं नाही.

"गुड कॅच, काकू," ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा, मागच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. "गुड कॅच! ही माझ्यासमोरून गेली. पडद्यासमोर बोलायचं नसतं, हे मला माहीत आहे आणि तरी मी बोललो."



"एक मिनिट," मॅडम उभ्या राहिल्या. चेहरा लाल झाला होता. "बाटल्या मी निवडल्या होत्या. एक-एक हातात घेऊन. ही माझी चूक आहे."

"नाही मॅडम, पट्ट्यावर माझी होती," अण्णा म्हणाले.

"त्याच्या आधी माझी होती!"

"दोघांच्याही आधी माझी," मागून एक ताई उठल्या. "काल दुपारी पडद्यावर मी होते. माझ्याकडूनच सुटली असणार."

"तुमच्याकडे आलीच कशी?" भट्टीवाला गरजला. "साचा गार झाला होता, मला कळलं होतं. झोका माझा आहे!"

"खोक्यात मी भरली!"

"खोकं मी उचललं!"

"तुम्ही उचललंत म्हणजे काय? भरताना बघायला नको मी?"

बघता बघता कँटीनमध्ये अशी जुंपली, की विचारू नका. प्रत्येक जण छातीवर हात मारून चूक आपलीच असल्याचं सांगत होता आणि दुसऱ्याला तिच्यातला वाटा द्यायला कुणी तयार नव्हतं. सेक्रेटरी थोडा वेळ हे बघत राहिले. आपण यात मागे पडतोय हे त्यांना सहन होईना. शेवटी ते खुर्चीवर चढले.

"मीसुद्धा बघत होतो आणि मला दिसलं नाही!" ते ओरडले. "वर मी हसलो! काकू, ते हसणं माझं चुकलं. गुड कॅच!"

"अहो, उतरा आधी, पडाल!" टेलरकाकू म्हणाल्या आणि त्यांनी हात देऊन सेक्रेटरींना खाली उतरवलं.

चहा निवून गेला तरी चूक कुणाची याचा निकाल लागला नव्हता. निघताना मॅडमनी अण्णांना बाजूला बोलावलं. अण्णांनी जाळीची टोपी काढून हातात घेतली होती.

"मॅडम, तुम्ही दुसरं नाव बघा," ते म्हणाले. "शिकवायला उभा राहिलो आणि झोकाच सोडला मी."

"झोका पकडायला मी तुम्हाला पाठवतच नाहीये," मॅडम म्हणाल्या. "तिथल्या मुलांना नजर हळूहळू येईल. पण आज तुम्ही जे केलंत ते त्यांना पहिल्याच दिवशी दिसायला हवं. सोमवारी जा."

सोमवारी नव्या शाखेत, नव्याकोऱ्या खुर्च्यांवर नवीकोरी मुलंमुली हाताची घडी घालून बसली होती. आता हे मोठे सर आपल्याला काय काय सुनावतात, अशा चेहऱ्याने. अण्णांनी पिशवीतून ती बाटली काढली, टेबलावर दिव्यासमोर ठेवली आणि गप्प उभे राहिले. पोटात एवढी भाषणं असताना, अगदी गप्प! मुलं बघत राहिली. कुणी मान वाकडी केली, कुणी पुढे झुकलं. अण्णा बाटली सावकाश फिरवत होते.

"अय्या!" मागच्या रांगेतली एक मुलगी ओरडली. "आत तार आहे!"

अण्णा असे खुलले, जणू त्यांची स्वतःची लेक पहिली आली.

"गुड कॅच!" ते म्हणाले आणि खुर्ची ओढून मुलांच्या मध्ये येऊन बसले. "आता जरा सरकून बसा सगळे. ही मी कशी सोडली, ते सांगतो."